धयकाल्याच्या वाटेवर

मार्गशीर्ष लागला म्हणजे दक्षिण कोकणाच्या भूमीला एक प्रकारची स्वस्थता प्राप्त होते. पावसाने चार महिने झोडपलेले जांभ्याचे सडे कोरडे होऊन पुन्हा उन्हात तापू लागलेले असतात, भाताची कापणी-झोडणी उरकून कणग्या भरलेल्या असतात, वायंगणी शेतीसाठी व्हाळांना बांध घालून पाणी अडवण्याचे काम कोठे कोठे चालू असते, आणि ज्या हातांना आषाढापासून उसंत नव्हती त्यांना देवाच्या कार्याकडे वळण्याइतकी मोकळीक मिळालेली असते. कार्तिकी पौर्णिमेच्या आगेमागे सुरू झालेली जत्रांची मालिका या दिवसांत ऐन भरात येते. आज या गावची, उद्या त्या गावची, असे करीत देवळांची अंगणे एकामागून एक उजळत जातात, आणि प्रत्येक अंगणात रात्र चढल्यावर दशावताराचा खेळ उभा राहतो. मालवणी बोलीत याच खेळाला धयकालो म्हणतात. तो नुसता पाहावा एवढ्यासाठी मी निघालो नव्हतो. एक कथा पिढ्यानपिढ्या त्याच माणसांना त्याच अंगणात एकत्र का बसवू शकते, याचा काही उलगडा होतो का हे पाहण्याची माझी फार दिवसांची इच्छा होती.

मुंबईहून रात्रीच्या गाडीने निघालो तेव्हा डब्यातील बहुतेक मंडळी याच वाटेची निघाली. कोकण रेल्वे १९९८ साली पुरती खुली होण्यापूर्वी बोटीने किंवा घाटातून येणाऱ्या मोटारीने जे चाकरमानी गणपतीला, शिमग्याला आणि जत्रेला गावी जात, त्यांची मुले व नातवंडे आता या गाडीने जातात. त्यांच्या बोलण्यात कचेरीचा विषय पनवेलपर्यंत टिकला; पुढे सगळे बोलणे जत्रेचे. या वर्षी कंपनी कोणती आणली, राजापार्टी कोण करणार, गेल्या वर्षीचा राक्षस आवाजाने कसा बसला होता, आणि देवीने जत्रेचा कौल कधी दिला, याची चर्चा करणाऱ्या त्या माणसांत एक जण बँकेत अधिकारी होता, एक जण गिरणी बंद पडल्यापासून पहारेकरी, आणि एक तरुण मुलगी संगणकाच्या कंपनीत नोकरीला होती. एरवी मुंबईच्या तीन टोकांना राहणारी ही माणसे वर्षातून एकदा याच गाडीत भेटतात, आणि त्यांच्यात बोलण्याजोगा जो समाईक विषय असतो तो पुराणातल्या एखाद्या आख्यानाचा असतो, ही गोष्ट मला प्रवासाच्या आरंभीच विचारात पाडणारी वाटली.

कुडाळला उतरून मी कर्ली नदीच्या खोऱ्यातील ज्या गावी गेलो त्याचे नाव सांगण्याचे कारण नाही, कारण तेथे जे पाहिले ते या टापूतील कोणत्याही गावी थोड्याफार फरकाने पाहायला मिळते. हा सारा मुलूख पूर्वी सावंतवाडी संस्थानाच्या अमलाखाली होता. १९४८ साली संस्थान विलीन झाले आणि १९८१ साली सिंधुदुर्ग हा स्वतंत्र जिल्हा निर्माण झाला. राज्ये आली आणि गेली, मामलेदार बदलले, दप्तरे एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत गेली, पण गावचा देवाविषयीचा जो अंतर्गत कारभार आहे, ज्याला येथील लोक गावऱ्हाटी म्हणतात, तो आपल्या जुन्या रीतीने अद्याप चालतो. गावऱ्हाटीत प्रत्येक घराण्याला काही ना काही मान असतो आणि मान म्हणजे मुख्यतः काम. पालखीला खांदा कोणी द्यायचा, दिवटी कोणी धरायची, ढोल कोणाचा, मंडपाची झावळे कोणाच्या बागेतली, पाहुण्या नटांना पेज-भाजी कोणाच्या घरून जायची, याचा सारा तपशील ठरलेला असतो; कोठे लिहिलेला नसला तरी एखाद्या सनदेप्रमाणे तो मानला जातो. ज्याच्याकडे काम नाही असे घर गावात सापडणे कठीण, आणि म्हणून ज्याला जत्रा आपली वाटत नाही असा माणूसही सापडणे कठीण.

मी ज्यांच्याकडे उतरलो होतो त्या घराच्या शेजारीच त्यांच्या चुलतभावाचे घर होते. दोन्ही घरांच्या मधोमध जांभ्याच्या दगडांचा एक गडगा होता, आणि त्या गडग्यापायी दोन घरांत बोलणे बंद होऊन किती वर्षे लोटली याचा हिशेब आता मुलांनाही सांगता येत नव्हता. दावा कुडाळच्या कोर्टात पडून होता. थोरल्या घराकडे पालखीपुढे दिवटी धरण्याचा मान, तर धाकट्या घराकडे नाटक मंडळीच्या पेटाऱ्यापुढे गावाच्या वतीने नारळ ठेवण्याचा. आणि या दोन्ही गोष्टी एकाच सभामंडपात, एकाच संध्याकाळी, एकामागून एक व्हायच्या. मी माझ्या यजमानांना विचारले, की मग त्या दिवशी कसे करता? ते वयोवृद्ध गृहस्थ पानाची चंची बाजूला ठेवीत शांतपणे म्हणाले, "कज्जो कोर्टात आसा. धयकालो देवळात आसा." एवढे बोलून ते दिवटीसाठी चिंध्या वळू लागले, आणि त्यांना माझ्या प्रश्नात अधिक काही उत्तर देण्याजोगे आहे असे वाटले नसावे.

संध्याकाळी देवळात गाऱ्हाणे झाले. ज्याने कोकणातले गाऱ्हाणे ऐकलेले नाही त्याला ते शब्दांनी सांगणे अवघड आहे. गावचा मानकरी देवतेसमोर उभा राहून, हात जोडून, गावाच्या वतीने एका लयीत मागणे मागत जातो: बारा-पाचांचा जो देव, तळीचा जो राखणदार, शिवेवरची जी शक्ती, त्या सर्वांना साक्ष ठेवून लेकराबाळांची, गुराढोरांची, परमुलखात गेलेल्या चाकरमान्यांची काळजी घे, चूकभूल पोटात घाल, वैऱ्याचे तोंड काळे कर, आणि प्रत्येक मागण्याच्या शेवटी मंडपातील सारी माणसे एका आवाजात म्हणतात, "व्हय म्हाराजा!" मागणी एकाच्या तोंडून येते, संमती सर्वांच्या. दिवटी धरलेले माझे यजमान आणि नारळ हाती घेतलेला त्यांचा चुलतभाऊ एकमेकांकडे न पाहता उभे होते, पण 'गावात जे काय कमीजास्त झाला आसात' या अर्थाचे वाक्य आले तेव्हा दोघांचाही होकार सारखाच मोठ्याने निघाला. त्यावरून काही तडजोड होईल अशी आशा मी बाळगली नाही आणि तशी ती झालीही नाही. परंतु ज्या ठिकाणी भांडणाला आत येण्याची परवानगी नाही असे एक ठिकाण गावाने राखून ठेवले आहे, ही व्यवस्था मला एखाद्या समेटापेक्षाही अधिक शहाणपणाची वाटली.

नाटक मंडळी दिवस मावळताना आली. आता अशा मंडळ्या टेंपोतून येतात. पूर्वी नट आपापल्या सामानाचे गाठोडे डोक्यावर घेऊन रानावनातून, सडे ओलांडीत, खाड्या उतरत, एका जत्रेहून दुसऱ्या जत्रेला चालत जात. 'रात्री राजा आणि सकाळी डोक्यावर बोजा' ही येथील म्हण त्याच काळची. मंडळीबरोबर वेताचा एक पेटारा असतो व त्यात गणपतीचा मुखवटा असतो. पेटारा ही मंडळींची देवता होय, आणि त्याची पूजा झाल्यावाचून कोणी तोंडाला रंग लावत नाही. यजमानांच्या चुलतभावाने नारळ ठेवला, अगरबत्ती ओवाळली, आणि मग देवळाच्या मागल्या पडवीत नट ओळीने आरसे मांडून बसले. त्यांच्याकडे वेशभूषाकार नाही, रंगभूषाकार नाही. सफेदा, काजळ, कुंकू आणि बेगडाचे मुकुट एवढ्या सामग्रीवर प्रत्येक जण स्वतःलाच राजा, राक्षस, अप्सरा किंवा ऋषी बनवतो. स्त्रीपार्टी करणारा एक तरुण, ज्याला मी तासाभरापूर्वी टेंपोतून ट्रंका उतरवताना पाहिले होते, तो आरशात पाहून भुवई रेखताना इतक्या एकाग्रतेने बसला होता की त्याच्याशी बोलण्याचा धीर मला झाला नाही. दिवसा यातील कोणी शेती करतो, कोणी रिक्षा चालवतो, कोणी गवंडीकाम. हंगाम संपला की पावसाळ्यात सारे पुन्हा नांगराकडे वळतात.

रात्री जेवणे आटोपून गाव अंगणात जमले. खाज्याच्या, लाडवांच्या आणि खेळण्यांच्या दुकानांतून फिरणारी मुले आईच्या मांडीवर परतली, म्हाताऱ्या बायका आपापली ठरलेली जागा धरून कांबळी अंथरून बसल्या, आणि मंडपाच्या एका बाजूला पायपेटी, मृदंग व झांज यांची बैठक जमली. रंगमंच म्हणावा असे काही नव्हतेच. मंडपात एक साधे लाकडी बाकडे ठेवले होते. तेच पुढे सिंहासन झाले, तेच पर्वत, तेच रथ. पडदा नाही, देखावा नाही, आणि त्या बाकड्याला रथ म्हणण्यास तेथे बसलेल्या एकाही माणसाला क्षणभर विचार करावा लागला नाही. प्रेक्षकांच्या मनाचे इतके मोठे सहकार्य ज्या कलेला सहज मिळते, तिला प्रेक्षकांना जोडण्यासाठी वेगळा प्रयत्न तो काय करावा लागणार!

आरंभी आड दशावतार झाला. गणपती आला, रिद्धी-सिद्धी आल्या, मोरावर बसलेली सरस्वती आली, भटजी आला. आणि मग नखशिखांत काळा वेष केलेला संकासुर मंडपात उडी घेऊन आला तेव्हा मुलांत एकच कल्लोळ माजला. हा वेद चोरणारा दैत्य. विष्णू त्याचा वध करून वेद परत आणतो अशी मत्स्यावताराची कथा आहे. पण येथील संकासुर मालवणीत बोलतो. देव संस्कृतप्रचुर मराठीत, 'हे दुष्टा, थांब!' अशा भाषेत गर्जना करतो, आणि दैत्य त्याला गावच्या बोलीत, गावच्या ताज्या घडामोडींचा हवाला देत उत्तर देतो. यंदा कोणाच्या काजूला मोहर कमी आला, कोणत्या रस्त्याचे काम अर्धवट राहिले, ग्रामपंचायतीत काय झाले, हे सारे संकासुराला ठाऊक असते. कारण संध्याकाळी आल्यापासून त्या नटाने चहाच्या दुकानात बसून तेवढ्यासाठीच चार माणसांना बोलते केलेले असते. पुराण आणि गाव अशा रीतीने पहिल्या तासातच एकमेकांत गुंफले जातात, आणि त्यानंतर आख्यानात येणारे हस्तिनापूर किंवा मणिपूर हे नदीपलीकडच्याच एखाद्या गावाइतके जवळचे होऊन बसते.

त्या रात्रीचे आख्यान बभ्रुवाहनाचे होते. युधिष्ठिराच्या अश्वमेधाचा घोडा राखीत अर्जुन मणिपुरास येतो. तेथे राज्य करीत असलेला बभ्रुवाहन हा त्याचाच, चित्रांगदेच्या पोटचा पुत्र. पिता आला म्हणून पुत्र शस्त्र खाली ठेवून, सामोरा जाऊन पाय धरतो, आणि अर्जुन त्याला क्षत्रियाला न शोभणारा भित्रा म्हणून झिडकारतो. मग उलूपी त्याला युद्धास प्रवृत्त करते, पुत्राच्या बाणाने पिता पडतो, चित्रांगदेचा आक्रोश होतो, आणि अखेर उलूपीने आणलेल्या मण्याने अर्जुन पुन्हा उठतो. महाभारताच्या आश्वमेधिक पर्वातील ही कथा तेथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होती. पुढे काय होणार याची उत्कंठा कोणालाच नव्हती. उत्कंठा होती ती कसे होणार याची, आणि या उत्कंठेचे रहस्य असे की दशावताराला लिहिलेली संहिता नसते. मंडळीचा प्रमुख सायंकाळी नटांना बोलावून कथानकाचे टप्पे सांगतो, कोणाचा प्रवेश कोणामागून ते ठरवतो. संवाद मात्र त्या त्या नटाने तेथल्या तेथे रचायचे. ज्याने पुराणे ऐकली नाहीत, ज्याचे शब्द तोकडे आहेत, त्याचा या मंडपात निभाव लागत नाही.

पिता-पुत्रांच्या पहिल्या भेटीचा प्रवेश त्या रात्री फार रंगला. बभ्रुवाहन झालेला नट विशीतला होता, अर्जुन साठीकडे झुकलेला. थोरल्याने टोचून बोलावे, धाकट्याने विनयाने उत्तर द्यावे, थोरल्याने त्या उत्तरातला एक शब्द उचलून त्यावरच नवा आरोप उभारावा, आणि धाकट्याने क्षणभर थांबून असे काही म्हणावे की पेटीवाल्याचे हात स्वरावर तसेच राहावेत. एका क्षणी पुत्राने विचारले, की आपण ज्याला भ्याडपणा म्हणता तो जर मी सोडला, तर आपल्यास पिता म्हणण्याचा माझा हक्क राहील काय? हे वाक्य कोणी लिहून दिलेले नव्हते, आणि पुन्हा कोठे तेच तसे उच्चारले जाईल असेही नाही. सभोवार बसलेल्या तीन-चारशे माणसांत त्या वेळी जी स्तब्धता पसरली ती मी पाहिली. त्या अंगणात असे किती बाप आणि किती मुलगे असतील, ज्यांच्यात मुंबईच्या खोलीवरून, जमिनीच्या हिश्शावरून, लग्नाच्या गोष्टीवरून हेच बोलणे अर्धवट राहून गेले असेल! माझे यजमान आणि त्यांचा चुलतभाऊ योगायोगाने एकाच कांबळ्याच्या दोन टोकांना बसले होते. ते बोलले नाहीत. चित्रांगदेच्या विलापात दोघांनीही उपरण्याने डोळे पुसले, एवढे मात्र माझ्या दृष्टीस पडले.

येथे मला एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. कथा सर्वांना एकत्र आणते असे आपण म्हणतो, तेव्हा त्या 'सर्वां'त कोण कोण होते हे विचारण्याचे धैर्यही आपल्या अंगी असले पाहिजे. जुन्या काळी ज्या समाजांना अस्पृश्य गणले गेले त्यांना देवळाच्या आवाराबाहेर, अंधारात उभे राहूनच कथा ऐकावी लागे. बाकड्याचा रथ त्यांनाही दिसत असे, पण बसायला कांबळे मिळत नसे. हा अन्याय कथेने घडवला नाही, पण कथेने तो आपण होऊन मोडलाही नाही. मोडला तो माणसांनी, झगडून, कायद्याच्या आधाराने आणि स्वतःच्या बळावर. त्या रात्री अंगणात बसलेल्या तरुण मंडळींत ही भिंत मला दिसली नाही. मानपानाच्या याद्यांत मात्र ती अजून कोठे कोठे तग धरून आहे, आणि ती तेथूनही गेली पाहिजे. ज्या कथेवर सर्वांचा हक्क आहे तिच्या सेवेचा मान काहींपुरता असावा, हे मला पटत नाही.

पहाटे दहीकाला झाला. हंडी फुटली, दह्या-पोह्यांचा प्रसाद हातोहात गेला, आणि रात्रभर जागलेले गाव तांबड्या डोळ्यांनी घरोघर पांगले. पांगताना प्रत्येकाच्या तोंडी आख्यानच होते. एक लहान मुलगा बापाच्या खांद्यावरून झाडाच्या फांदीचा बाण सोडीत चालला होता, आणि डब्यात भेटलेली ती तरुण मुलगी आपल्या आजीला पटवून देत होती की चूक अर्जुनाचीच. आजीला ते मुळीच मान्य नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी पिंगुळीस गेलो. कुडाळपासून थोड्याच अंतरावर, मुंबई-गोवा महामार्गालगत असलेल्या या गावात ठाकर समाजाने चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्या या कला पिढ्यानपिढ्या सांभाळल्या आहेत. चित्रकथीची पोथी म्हणजे हाताने रंगवलेल्या सुट्या चित्रांची चळत. दोन दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवलेली. कथेकरी पहिल्याने गणपतीचे व शारदेचे चित्र पुढे धरतो, वंदन करतो, आणि मग वीणा, टाळ व हुडूक यांच्या साथीने एकेक चित्र उलटीत कथा सांगत जातो. ती चित्रे मी बराच वेळ पाहत राहिलो. माणसे बाजूने पाहिलेली, डोळे वाटोळे आणि विशाल, झाडांची पाने एकेक मोजून घ्यावी इतकी नेटकी, युद्धप्रसंगी बाणांनी भरून गेलेले आकाश. दूरचे लहान आणि जवळचे मोठे दाखवण्याची चिंता तेथे नाही, जो महत्त्वाचा तो मोठा. सावंतवाडी दरबाराने एके काळी या कुटुंबांना ठराविक देवळे नेमून दिलेली होती, आणि नवरात्रात त्या त्या देवळात जाऊन कथा सांगणे हा त्यांचा हक्क व कर्तव्य दोन्ही असे. संस्थान गेले तसा तो आश्रय ओसरला, पोथ्या कपाटात गेल्या, काही विकल्या गेल्या. श्री. परशुराम गंगावणे यांनी आपल्या घरच्या गोठ्याचे संग्रहालय करून, जुनी चित्रे व बाहुल्या जपून, मुलांना ही विद्या शिकवली. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा साऱ्या जिल्ह्याला आपल्या घरचेच कोणी गौरवले गेल्यासारखे वाटले, आणि ते योग्यच होते.

मी गेलो त्या दिवशी तेथे एका शाळेची सहल आली होती. एका तरुण कथेकऱ्याने रामायणातील एक प्रसंग त्यांच्यापुढे मांडला. मुले शहरातली होती, घरी निरनिराळ्या भाषा बोलणारी होती, पण सोन्याचा मृग चित्रात येताच मागल्या रांगेतून कोणीतरी ओरडले, "जाऊ नको!" आणि मग सारा वर्ग सीतेला व रामाला सावध करू लागला. कथेकऱ्याने चित्र तसेच धरून ठेवले, हुडूक वाजवणाऱ्याने बोल लांबवला, आणि मुलांचा गलबला पुरता होऊ दिल्यावरच पान उलटले. दरबार नव्हता, नवरात्र नव्हते, तरी कथेचे काम अडले नाही.

तथापि पिंगुळीहून परतताना एक विचार माझ्या मनात घर करून राहिला. चित्रकथी आणि धयकालो, दोन्ही कला एकाच मातीतल्या, दोहोंची कथानके एकाच पुराणांतली; मग एक मरता मरता वाचवावी लागली आणि दुसरी आजही, कोणी वाचवायला न येता, शेकडो अंगणांत रात्रभर का उभी राहते? मला याचे जे कारण दिसले ते असे: चित्रकथीचा भार एका दरबारावर होता, धयकाल्याचा भार गावावर आहे. झावळे एकाची, पेज दुसऱ्याची, नारळ तिसऱ्याचा, बिदागी सर्वांची. राजाने आपली नेमणूक बंद केली की कथेकऱ्याचा हात रिता होतो. चारशे घरांनी एकाच वेळी हात आखडणे तितके सोपे नाही. श्रवणाने माणसे एकत्र येतात हे खरे, पण श्रवणाची सोय करण्यासाठी जे कष्ट वाटून घ्यावे लागतात त्यांनी ती अधिक घट्ट बांधली जातात, असे माझे मत झाले आहे. म्हणूनच शहरांतून हल्ली जे लोककलांचे महोत्सव भरतात, जेथे तिकीट काढून खुर्चीवर बसायचे आणि टाळ्या वाजवून घरी जायचे, त्यांविषयी आदर असूनही त्यांच्याकडून माणसे अशी बांधली जाण्याची अपेक्षा मला करवत नाही.

सावंतवाडीत फार वेळ थांबलो नाही. राजवाड्यात लाखकामाच्या गंजिफा पाहिल्या. त्यांतील दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग आणि एकशे वीस पाने असतात. ज्या दहा अवतारांची नावे मंडपात घुमतात तेच येथे हाताच्या तळव्याएवढ्या वाटोळ्या पानांवर येऊन बसले आहेत, हे पाहून आनंद झाला.

तेथून आरोंद्याच्या पुलावरून तेरेखोल नदी ओलांडून मी पेडणे महालात उतरलो. ही नदी आज महाराष्ट्र आणि गोवा यांची हद्द आहे. पेडणेही पूर्वी सावंतवाडीकरांच्याच ताब्यात होते. १७८८ साली ते पोर्तुगीजांकडे गेले आणि १९६१ साली गोवा मुक्त होईपर्यंत त्यांच्याच अमलाखाली राहिले. दोन राजवटी, दोन चलने, दोन कायदे, आणि मधे एक नाका. पण पेडण्याच्या देवळांतून जत्रेला काला होतो आणि तो करायला वेंगुर्ले-कुडाळकडच्या मंडळ्या पूर्वापार येतात. नदीच्या दोन्ही काठांची बोली जरा बदलते, देवांची नावे बहुधा तीच राहतात, आणि संकासुराला कोणाचा कोणता रस्ता अर्धवट राहिला ते अलीकडे जितके ठाऊक तितकेच पलीकडेही.

दैवयोग असा की पेडण्याच्या ज्या गावी मी पोहोचलो तेथे त्या रात्री तीच मंडळी आलेली होती, आणि गावकऱ्यांनी मागितलेले आख्यानही बभ्रुवाहनाचेच होते. मी पुन्हा सारी रात्र बसलो. कथा तीच, नट तेच, पण नाटक निराळे झाले. त्या रात्रीचा अर्जुन इतका कठोर नव्हता. पुत्राला झिडकारताना त्याचा आवाज दोन वेळा अडखळला, आणि त्यामुळे पुढे बभ्रुवाहनाने उचललेला बाण अधिकच असह्य वाटला. सकाळी काला आटोपून नट तोंडावरचा सफेदा खोबरेल तेलाने पुसत होते, तोच देवळाच्या पायरीवर गावातील पाच-सहा वडीलधारी माणसे आणि नदीअलीकडून खेळ पाहायला आलेले काही वेंगुर्लेकर यांच्यात वाद पेटला. वेंगुर्लेकरांचे म्हणणे, अर्जुन कठोरच हवा, त्यावाचून युद्धाला कारण उरत नाही. पेडणेकरांचे म्हणणे, कारण उलूपीच्या पोटात आहे, ती आधी बोलली पाहिजे. अर्जुन झालेला साठीचा नट, अर्धा रंग तोंडावर तसाच ठेवून, हात उंचावून दोन्ही पक्षांना महाभारताचा दाखला देऊ लागला. स्त्रीपार्टीवाल्या तरुणाने उलूपीच्या बाजूने बोलायला सुरुवात केली. आणि पेटाऱ्याला दोरी आवळणारा मृदंगवाला दोरी सोडून त्यांच्यात येऊन बसला. पुढला खेळ रेडीजवळ होता, टेंपोवाला हॉर्न वाजवून थकला. अखेर मंडळी चढली, गाडी हलली, आणि मागून एका म्हाताऱ्याने खणखणीत आवाजात बजावले, "फुडल्या वर्सा उलूपीक पयलीं उलोवंक लाय रे!" पुढच्या बाकावर बसलेल्या प्रमुखाने खिशातली डायरी काढून, गुडघ्यावर ठेवून, गावाचे नाव, तिथी आणि ती सूचना तिच्यात लिहून घेतली.